वॉर्म म्हणायचं होतं

बारकी जाऊन तीन आठवडे झाले. तिच्या ऑफिसातली माणसं भेटायला आली होती, सात-आठ जण, खुर्च्या पुरल्या नाहीत तर दोघं पलंगाच्या कडेला टेकले. सगळ्यांचं एकच म्हणणं, मॅडमना आम्ही कधी घाबरलेलं बघितलं नाही. मी मान हलवली. ती माझी सख्खी धाकटी बहीण, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, माझ्याच घरात मागच्या खोलीत राहायची. आणि तिच्याइतकं घाबरणारं माणूस मी जन्मात बघितलेलं नाही. पन्नाशीसुद्धा गाठली नाही, हृदय बंद पडलं. जे खरं होतं ते सांगते.

रेल्वेच्या आरक्षणाच्या ऑफिसात ती टेपा सांभाळायची. तिथलं मोठं मशीन म्हणजे दोन कपाटं एकाला एक लावावी एवढं. सगळ्या गाड्यांची तिकिटं त्यात. पूर्वी त्यातलं सगळं टेपांवर उतरवून ठेवायचे. वरून नंबर आला की त्या नंबरची टेप काढायची, नेऊन द्यायची, परत आली की जागेवर लावायची. नऊ वर्षं हेच. मग एक दिवस साहेबांनी सांगितलं, टेपा बंद होणार, तीन महिने आहेत. खाली टेपांच्या खोलीत चार माणसं होती. वर मशीनवर एकच जागा होती, मशीन चालू करायचं, बंद करायचं, त्यात काय चाललंय ते बघायचं. ते मशीन चालवणाऱ्या म्हाताऱ्या सरांना निवृत्त व्हायचं होतं, ते म्हणाले जो शिकेल त्याला शिकवतो. बाकी तिघांनी हात जोडले. बारकी हो म्हणून बसली.

घरी येऊन सांगितलं ते उंबऱ्यावर बसूनच, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"मग हो कशाला म्हणालीस?" मी विचारलं.

"सगळे नाही म्हणाले, मग सर माझ्याकडे बघत राहिले. मला वाईट वाटलं."

असं आहे ते. तीन महिन्यांनी एका रविवारी मशीन तिनं एकटीनं चालू करून दाखवायचं, सकाळी आठला तिकिटाच्या खिडक्या उघडायच्या आत. जमलं तर ती जागा तिची, नाही तर बाकी तिघांबरोबर घरी.

पहिल्या दिवशी सरांनी तिला कशालाच हात लावू दिला नाही. म्हणाले, बाई, तीन गोष्टी विचारायच्या. आत कोण आहे, काय चालू आहे, काय अडलंय. आणि पडद्यावर काहीही आलं की आधी शेवटपर्यंत वाचायचं, तोवर हात मांडीखाली. ती खरंच दोन्ही हात मांडीखाली घालून बसायची, घरी वही वाचतानासुद्धा. ती वही तिनं मराठी अक्षरांत लिहिली होती, इंग्रजी शब्दसुद्धा, म्हणजे मला विचारता यावं. मी शिवणाच्या मशीनवर, ती समोर पाटावर. मी विचारायची, "आत कोण आहे ते कसं बघायचं?" ती सांगायची. मला त्यातलं ओ का ठो कळायचं नाही, पण शब्द चुकला की मी ओळखायची.

आमच्या ह्यांना तर या शिकण्यानं दोन दिवस जेवण गेलं नाही. त्या मशीनमध्ये जे काम टाकतात त्याला जॉब म्हणतात, आणि ते मधेच बंद पडलं की मेलं म्हणतात. ही फोनवर सरांना सांगत होती, "सर, माझा जॉब मेला हो, तिसऱ्यांदा." हे बाहेर ऐकत होते. हे शाळेची बस चालवतात. दुसऱ्या दिवशी आगारात जाऊन बस धुण्याच्या कामावर तिच्यासाठी शब्द टाकून आले आणि आल्यावर तिला म्हणाले, "बारके, काळजी करू नको, काम काय, कुठलंही चांगलंच असतं."

"भाऊजी, काय झालं?"

"तुझा जॉब गेला ना."

"तो होय. तो मी परत चालू केला."

हे परत चपला घालून बाहेर पडले. आगारातल्या माणसाला मग काय सांगितलं कोण जाणे.

आता मुख्य सांगते. मशीन चालू होताना एकेक प्रश्न विचारतं, आणि उत्तर दिलं नाही तर तिथेच उभं राहतं. त्यातला एक प्रश्न असा, की कामं वाटणारा जो भाग आहे तो कसा उठवू, वॉर्म की कोल्ड. वहीत तिनं लिहिलं होतं, वॉर्म.

मी म्हटलं, "मशीन रात्रभर बंद असणार ना?"

"हो."

"मग गारच असणार. कोल्ड लिही."

"ताई, ते तसलं गार नाही गं." मग तिनं मला समजावलं. मशीन बंद करताना बरीच कामं रांगेत उभी असतात. वॉर्म म्हणजे रांग होती तशी ठेवून दार उघड. कोल्ड म्हणजे रांगेतल्या सगळ्यांना पुसून टाक आणि कोऱ्या पाटीवर सुरू कर. त्या रविवारी रांगेत सकाळच्या चौदा गाड्यांच्या याद्या असणार होत्या, कुठल्या डब्यात कुठल्या जागेवर कोण, सगळं छापायचं बाकी.

"मग सरळ रांग ठेव, रांग मोड असं म्हणावं की. गार-गरम कशाला?"

"जा, तूच सांग त्यांना."

मला ते फार गमतीचं वाटलं. रोज त्या प्रश्नावर आलो की मी म्हणायची, "गार का गरम बाई, आंघोळीला काय काढू?" आणि ती हसायची. दिवसभरात तेवढंच हसायची, म्हणून मी रोज म्हणायची.

रविवारी पहाटे पाचला हे तिला बसमधून सोडून आले. मी बाही जोडायला घेतली ती उलटी जोडली. उसवली, परत उलटीच. मग उठून नुसती खिडकीत उभी राहिले.

पुढचं तिनंच मला सांगितलं. मशीनच्या खोलीत थंडी असते, भर उन्हाळ्यातही स्वेटर लागतो, आणि आवाज एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलायचं. सर मागे खुर्चीवर. पहिले प्रश्न नीट झाले. दोन ठिकाणी मशीननं 'नक्की का?' असं विचारलं, तिथं हो म्हणायचं होतं, हो म्हणजे वाय, तिनं दाबलं. मग थंड हवेच्या मशीनवाल्यानं सरांना हाक मारली, काहीतरी गळत होतं, ते पलीकडे गेले. आणि तो प्रश्न आला.

तिनं कोल्ड लिहिलं. लिहून बटण दाबलं.

म्हणाली, "ताई, मला कळलंसुद्धा नाही. मी मनात वॉर्मच म्हणत होते."

मशीननं परत विचारलं. रांगेतलं सगळं जाईल, नक्की का, वाय की एन. तिचं बोट वायवरच होतं, आधी दोनदा तेच दाबलेलं. ते खाली जाणार तेवढ्यात तिला हातांची आठवण झाली. हात मांडीखाली घातले आणि ओळ मोठ्यानं वाचली. त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार. एकदा वाचली, काही अर्थ लागला नाही. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कोल्ड हा शब्द दिसला, स्वतःचाच. चौदा गाड्या. लोक फलाटावर येऊन आपलं नाव शोधणार आणि यादीच नाही.

मग उजवा हात काढला आणि एन दाबलं. तो भाग तिथेच बंद पडला. एन म्हटल्यावर तो तसाच बंद पडतो, परत उठवावा लागतो. सात वाजायला आले होते.

सर आले. पडद्याकडे बघितलं. "हे अजून इथंच?"

पलीकडे गेले होते, त्यांनी काही बघितलं नव्हतं. मशीन वेळ लावतंय म्हणाली असती तर त्या घटकेला चाललं असतं.

"सर, मी कोल्ड लिहिलं."

"आणि?"

"त्यानं परत विचारलं. मी एन दिलं."

"मग उठवा त्याला. माझ्याकडे काय बघताय."

तिनं उठवलं. या खेपेला वॉर्म लिहून एकेक अक्षर बोट लावून वाचलं. आठला सात मिनिटं कमी असताना तिकिटाच्या खिडक्यांवरचे मशीनचे पडदे उजळले. याद्या चौदाच्या चौदा निघाल्या. सरांनी शाबास म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. रजिस्टर पुढं केलं आणि एवढा वेळ का लागला ते लिहा म्हणाले. तिनं लिहिलं, चूक माझी, कोल्ड लिहिले. सर म्हणाले गुरुवारी कळवतो.

ते चार दिवस. ती ताटात हात फिरवायची आणि उठायची. आमचे हे आगाराचा विषय काढू का नको असे घुटमळायचे. मी बुधवारी तिला म्हटलं, "बारके, ते गार माझ्यामुळे आलं तुझ्या बोटात. मीच रोज चेष्टा करत होते."

"बटण तू दाबलंस का?"

"नाही."

"मग गप बस."

पण ती हसली नाही. आणि मला माहीत आहे ते कुठून आलं होतं.

गुरुवारी फोन आला तेव्हा ती भांडी घासत होती. हात साबणाचे, म्हणून मी फोन तिच्या कानाला धरला. सरांचा आवाज मोठा, त्या खोलीतल्या सगळ्यांचाच मोठा असतो, मला सगळं ऐकू आलं.

"बाई, सोमवारी आठला या."

"सर, पण मी चुकले होते."

"माहितीये. रजिस्टर वाचलंय. मशीनसुद्धा सगळं लिहून ठेवतं, ते रविवारीच वाचलं होतं. दोन्हीकडे एकच आहे का ते बघायचं होतं. आठला म्हणजे आठला."

फोन ठेवला. मी म्हटलं, "अगं, मिळाली जागा. हस तरी आता."

ती ओट्याला टेकून उभी राहिली, कोपरावरून पाणी गळत होतं.

"ताई," म्हणाली, "म्हणजे हे आता रोजच?"

आणि रोजच होतं ते. अकरा वर्षं. सकाळी चपला घातल्या की एक हात पोटावर दाबून दाराशी थोडी उभी राहायची, आणि मग जायची.