मिठागरचा तिसरा अल्बम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नंदाला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्यापासून सिगारेट लपवली नाही, हुकलेलं प्रमोशन लपवलं नाही — हे मात्र सहा वर्षं लपवलं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि आधीच बजावून ठेवतो, मी खाली मान घालून बोलणाऱ्यातला नाही. माझ्यात अभिमान ठासून भरलाय. या सगळ्यात तोच नडला आणि तो अजूनही कमी झालेला नाही, तेव्हा मधून मधून मी बढाई मारेन. चालवून घ्या.

तर, नेरूळला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी सकाळी मी रॉक संगीतावर बोलतो. विषय ठरलेला — थोरांचे फसलेले अल्बम. गाजलेल्या अल्बमवर काय, कुणीही बोलेल. पण ज्या बँडने अख्ख्या जगाला वेड लावलं त्यानेच पुढे असा अल्बम काढावा, की कट्टर चाहत्यानेही दुसऱ्या गाण्याला चहा टाकायला उठावं — हे कसं होतं? कुणाला अचानक शंभर व्हायोलिनं हवीशी वाटतात. कुणी पन्नाशीत विशीतल्या पोरांचं गाणं गायला जातो. कुणाच्या भोवती हो ला हो करणारेच तेवढे उरलेले असतात. मी गाणं लावतो आणि नेमक्या जागी थांबवून सांगतो, बघा, इथे घसरला. साठ खुर्च्या मांडतो, त्यातल्या पन्नास भरतात. पनवेलहून माणसं येतात हो, रविवारची झोप मोडून.

मला स्वतःला साधी पेटीही वाजवता येत नाही. माझ्याकडे फक्त कान होते. कारखान्यातही मी क्वालिटीत होतो, तुर्भ्याला. मशीनच्या आवाजावरून सांगायचो की बेअरिंग जाणार आहे, आणि ते जायचं. तीच ख्याती मिठागरपर्यंत पोचली.

मिठागर हा आमच्या नवी मुंबईचा बँड. मराठीत रॉक गाणारा, आणि खरंखुरं रॉक — नुसते केस वाढवलेलं नव्हे. शेखर गातो आणि गाणी लिहितो. कोपरखैरण्याचा मुलगा, दिवसा इन्शुरन्सच्या ऑफिसात. त्यांचे पहिले दोन अल्बम मी छातीवर हात ठेवून सांगतो, कुठेही लावा, कुणाच्याही शेजारी लावा. आणि त्या दोन्ही अल्बमांना एक रीत पाळली गेली होती. नवं रेकॉर्डिंग झालं की बाहेर जाण्याआधी ते माझ्या गाडीत वाजायचं. पाम बीच रोडला लागून एका आडव्या रस्त्यावर गाडी उभी करायची, इंजिन बंद, काचा वर. मी ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून. बाकीचे बाहेर फुटपाथवर. ऐकून झालं की मी काच खाली करून एकच शब्द बोलायचो — ‘जाऊ दे’ किंवा ‘परत’. परत म्हटलं तर काय बदलायचं तेही मीच सांगायचो. त्यावर वाद नाही. शेखर म्हणायचा, अण्णांचा कान म्हणजे आमचं सेन्सॉर बोर्ड. किती सुखावायचो मी!

तिसऱ्या अल्बमच्या वेळी मिक्सिंगला नवी मुलगी आली. दर्शना. मिक्सिंग म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि गळा एकत्र बसवणं — कोण किती मोठं, कोण पुढे, कोण मागे. दर्शना जुईनगर गावातली, मूळची तिथलीच. चोवीस वर्षांची. शिकलेली, शहरी बोलायची, पण चिडली की घरची बोली यायची. पहिल्याच भेटीत तिने मला विचारलं होतं, गाडीचे मागचे स्पीकर चालू असतात का बंद? मला राग आला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी मनात म्हणालो.

आता — आता सांगायलाच हवं.

त्याच्या दोन महिने आधी कारखान्यात वार्षिक मेडिकल झालं होतं. त्यात कानाची तपासणी असते. काचेच्या खोक्यात बसवतात, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी बसलो. थोडे आवाज आले, मी दाबले. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, मशीन बंद पडलं. बाहेरच्या बाई हेडफोन काढून विचारतात, काका, आवाज आला की बटण दाबायचं, समजलंय ना? असं तीनदा. मशीन चालूच होतं. रिपोर्टवरची रेघ मध्यापर्यंत सरळ आणि मग घसरगुंडीसारखी खाली. दोन्ही कानांची. झांजेची किणकिण, तारेवरून बोट सरकल्याची सळसळ, श, स, च अशी अक्षरं — हे वरचे बारीक आवाज माझे गेले होते. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मला पूर्ण समजलं. हे नीट लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

रिपोर्ट घडी करून मी एका जुन्या रेकॉर्डच्या कव्हरमध्ये सरकवला आणि दोन महिन्यांनी गाडीत जाऊन बसलो.

दर्शनाचं मिक्स वाजलं. मला ते कांबळं पांघरून गायल्यासारखं वाटलं. का वाटलं ते मला नको कळायला? पण काच खाली केली आणि म्हणालो — परत. ट्रेबल वाढवा, म्हणजे तेच वरचे आवाज. झांजा पुढे आणा. शेखरचा आवाज धारदार करा. दर्शनाने बदलून आणलं. दुसऱ्यांदा ऐकलं, मला अजूनही मंद वाटलं. तिसऱ्यांदा ती फुटपाथवरून पुढे आली. ‘काका, आता टोचतं हाय वरचं. पाच मिनिटं पन कोन ऐकनार नाय.’ शेखरने माझ्याकडे पाहिलं. तेवढा एक क्षण होता माझ्या हातात. खिशातला रुमाल काढावा तितक्या सहज सांगता आलं असतं — अरे, तिचं ऐका, माझे कान गेलेत.

मी म्हणालो, ‘तुझे कान अजून तयार व्हायचेत, बाळा.’

बँडमधले हसले. तीही हसली थोडी. आणि चौथ्या वेळी, जेव्हा ते मला एकदाचं स्वच्छ वाटलं, तेव्हा मी म्हणालो — जाऊ दे.

अल्बम पडला. पडला म्हणजे सपाट झाला. ज्यांनी आधीचे दोन डोक्यावर घेतले होते तेच लिहू लागले की डोकं दुखतं, पत्रे कापल्यासारखं वाटतं. गाणी चांगली होती हे कुणापर्यंत पोचलंच नाही. शो कमी झाले. ड्रमर सोडून गेला. आणि बिल फाटलं दर्शनाच्या नावावर, कारण अल्बमवर मिक्सिंगपुढे तिचं नाव होतं, माझं कुठेच नव्हतं. शेखरने पुढचं एक गाणं दुसऱ्याकडे दिलं. इतरांनीही हळूहळू तिला बोलावणं बंद केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर हॉलमध्ये व्याख्यानं देत होता.

कारण मी तेही केलं. नुसता गप्प राहिलो असतो तर भित्रेपणा एवढ्यावर भागलं असतं. पुढच्या वर्षी मी हॉलमध्ये मिठागरचा तिसरा अल्बम विषयाला घेतला. लोकांचा आग्रह होता, असं मी स्वतःला सांगितलं. पहिलं गाणं लावलं. मला छान वाटत होतं, आणि समोर पन्नास चेहरे आक्रसलेले. कुठे थांबवायचं हे मी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघून ठरवलं. आणि नाकाने कांदे सोलत म्हणालो, की थोर बँडही कधी कधी काम कच्च्या हातात देतो.

दर्शना शेवटच्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर पुढे आली. तिने ते गाणं वाजताना माझं तोंड बघितलं असणार, कारण हळूच, फक्त मलाच ऐकू जाईल असं विचारलं, ‘काका, तुमाला वरचं ऐकायला येत नाय ना?’ रागाने नाही, काळजीने विचारलं. मी म्हणालो, मला शिकवू नकोस. तिने मान डोलावली आणि गेली. सध्या ती वाशीला एका कंपनीत डेटा एंट्री करते.

गेल्या महिन्यात मी मशीन लावून घेतलं, दोन्ही कानांना. नंदाला सांगितलं, वय झालं. घरी येऊन आधी कुकरची शिट्टी ऐकून दचकलो. मग जुन्या कम्प्युटरवर तिचं पहिलं मिक्स शोधलं, ज्याला मी ‘परत’ म्हटलं होतं ते, आणि बसून सगळं ऐकलं.

काय सांगू तुम्हाला! मिठागरने केलेलं सर्वांत चांगलं काम आहे ते. शेखर श्वास घेतो तो ऐकू येतो. झांजा लांबून, खाडीपलीकडून येतात. मी इतकी वर्षं थोरांच्या अल्बमांबद्दल बोलतोय — असं काम मी फार थोड्यांचं ऐकलंय, आणि हे जुईनगरच्या चोवीस वर्षांच्या पोरीने केलेलं. ऊर भरून आला. अभिमान वाटला, हो, तिचा. माझा त्यावर काही हक्क नाही, तरी वाटला.

शेखरला मेसेज केला — दर्शनाचं पहिलं मिक्स तुझ्याकडे आहे का अजून? लगेच उत्तर आलं. ‘आहे की अण्णा. तुम्ही परत म्हणालात ना, म्हणून आम्ही ते कधी उघडलंच नाही.’

मी ‘बरं’ एवढंच लिहिलं.

येत्या रविवारी हॉलमध्ये आधी दर्शनाचं ते पहिलं मिक्स वाजवणार आहे, मग माझं, मी ‘जाऊ दे’ म्हटलेलं, आणि दोन्हींमध्ये कानाचा रिपोर्ट वाचणार आहे, तारखेसकट. शेखरला यायला सांगितलंय, का ते सांगितलेलं नाही. दर्शनाला बोलावलेलं नाही. तिने एकदा शेवटच्या रांगेत बसून माझं ऐकून घेतलंय.