जानवशातल्या चादरी

"दुसऱ्यांच्या वापरातल्या चादरी घातल्यात आपल्याला," आत्या दाराबाहेर कुणाला तरी सांगत होती. "लॉजच्यासुद्धा नाहीत. माझ्या उशीच्या अभ्र्यावर कुणाच्या तरी पोराने शाईने विमान काढलंय."

मी आत होते. तोंडात पिन धरून साडीच्या निऱ्या घालत होते. साडी नेसायची सवय नव्हती, त्यामुळे निऱ्या पुन्हा पुन्हा सुटत होत्या. बाहेर कुणीतरी हसलं आणि आत्याचा आवाज आणखी चढला. मी पिन तोंडातून काढली आणि ऐकत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी माझ्या भावाचं लग्न होतं. आम्ही मुलाकडचे. नाशिकहून बस करून दुपारी पनवेलला पोचलो होतो. मुलीचे वडील तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि नवीन पनवेलच्या एका नव्या इमारतीत दोन खोल्यांत राहत होते. तिथे वऱ्हाड कुठे उतरवणार? कार्यालयातही राहायची सोय नव्हती. म्हणून आमचा जानवसा त्यांनी गोव्याच्या रस्त्याकडच्या एका लॉजमध्ये केला होता. मुलाकडच्यांच्या राहण्याची सोय मुलीच्या बापाने करायची आणि मुलाकडच्यांनी तिच्यात खोट काढायची, ही रीत तेव्हा मला नीट माहीत नव्हती. आमच्या घरातलं लग्न मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते.

लॉज चांगला नव्हता, हे खरंच आहे. खाली उडप्याचं हॉटेल होतं, त्यामुळे जिन्यात तळणाचा वास, आणि वर आलं की त्यात फिनेलचा. खोल्यांत पलंगाच्या उशाकडे भिंतीला तेलाचे गोल डाग पडले होते. आधी येऊन गेलेल्या लोकांनी डोकी टेकून टेकून पाडलेले. बाथरूमचं दार लागत नसे, त्याला आतून बादली लावून ठेवावी लागे. नळाला पाणी ठरावीक वेळीच. गरम पाणी हवं असेल तर जिन्यात उभं राहून खाली ओरडायचं. ओरडणं मला जमणारं नव्हतं, म्हणून मी गार पाण्यानेच अंघोळ केली. खिडकी उघडली की ट्रकांचा आवाज, आणि वारा फिरला की तळोज्याकडून येणारा एक कुजकट वास. आम्ही खिडकी बंदच ठेवली.

पण अंथरुणं स्वच्छ होती. ते मी खोलीत शिरताच पाहिलं होतं. प्रत्येक पलंगावर वेगळी चादर. एकीवर मोठी गुलाबाची फुलं, एक हातमागाची चौकड्यांची, माझ्या पलंगावर पांढरी, निळ्या काठाची. कुठलीच दुसरीशी जुळत नव्हती, अभ्रे तर आणखीच वेगळे. मी हात फिरवून पाहिला. साबणाचा आणि उन्हाचा वास येत होता. लॉजमध्ये असा वास कसा, याचं मला नवल वाटलं.

साडीसाठी हँगर शोधायला भिंतीतलं कपाट उघडलं, तेव्हा लॉजच्या चादरी दिसल्या. घड्या करून ठेवलेल्या. मूळच्या पांढऱ्या असाव्यात, आता राखेच्या रंगाच्या झाल्या होत्या. कोपऱ्यात काळ्या शाईचा लॉजचा शिक्का. वरच्या चादरीवर मधोमध तपकिरी डाग होता आणि सगळ्या गठ्ठ्याला केसांच्या जुन्या तेलाचा वास होता. मी दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने लॉजचा म्हातारा वेटर चहाच्या किटल्या घेऊन वर आला. मी अनोळखी माणसांशी सहसा बोलत नाही, पण तो दारात एकटाच होता, म्हणून विचारलं, या चादरी कुणाच्या? तो तिथलाच, आसपासच्या गावातला असावा.

"मुलीच्या बापाने आनल्या," तो म्हणाला. "आमच्या नको बोलला. काल टेम्पोतून घेऊन आला. त्याच्या बिल्डिंगीतल्या बायकांनी दिल्या, कुनी दोन, कुनी चार. बायको नि तो, दोघांनीच घातल्या सगळ्या. आमचं काय, धुवायचं वाचलं."

तो हसत गेला. मी मात्र हातात कप धरून बसून राहिले. त्या नव्या इमारतीत एकमेकांची कुणीच नसलेली माणसं राहायला आली होती, कोण देशावरचं, कोण कोकणातलं, कोण मुंबईच्या चाळीतून निघालेलं. मुलीच्या आईने प्रत्येक दारावर जाऊन चादरी मागितल्या असतील. आणि त्या बायकांनी कपाट उघडून त्यातल्या त्यात बरी चादर काढून दिली असेल. कुणाच्या तरी मुलाचं विमान धुऊनही निघालं नसेल.

हे मी तेव्हाच आत्याला सांगायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण आमच्या घरात आत्याला काही सांगायची पद्धत नव्हती. आई गेल्यापासून तीच घरातली मोठी. बाबा तिच्यापेक्षा लहान, तिच्या शब्दाबाहेर जात नसत. मला ती 'मडम' म्हणायची, मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून. मी गप्प बसले की म्हणायची, मडमला मराठी येत नाही. बोलले की म्हणायची, मडम शिकवायला लागली. त्यामुळे मी बहुतेक वेळा गप्पच बसायचे.

मी साडी कशीबशी नेसून बाहेर आले, तेव्हा सगळ्या खोल्यांतल्या चादरी काढून पॅसेजमध्ये टाकल्या होत्या. त्यांचा ढीग झाला होता. माणसं येता जाता त्यावरून चालत होती, चपला घालून. माझ्या पलंगावरची निळ्या काठाची चादर, मी निऱ्यांत गुंतले असताना कुणीतरी आत येऊन ओढून नेलेली, अगदी वर होती. आत्याचे यजमान चहा पीत म्हणाले, "आज अभ्र्यावर विमान निघालं, उद्या पानात काय निघतंय बघू." पॅसेजभर हशा पिकला.

संध्याकाळ झाली होती. कार्यालयात सीमांतपूजनाची तयारी होती. मुलीचे आईवडील नवरदेवाचे पाय धुणार होते. आम्ही निघायचं ते आत्याने थांबवलं. नवरदेव खाली उतरणार नाही, ती म्हणाली, व्याह्यांना इथे वर बोलवा, चार माणसांत चूक कबूल करू देत, मग निघू. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि एका चुलतभावाला कार्यालयात पाठवलं.

मी भावाकडे गेले. तो नव्या सुटाला चुण्या पडू नयेत म्हणून खुर्चीच्या कडेवर ताठ बसला होता आणि वर्तमानपत्र वाचत होता. मी हळूच त्याला कपाटातल्या चादरींबद्दल सांगितलं, वेटर काय म्हणाला तेही सांगितलं. मला वाटलं, तो उठेल. लग्न त्याचं होतं.

"मग त्यांनी तसं सांगावं," तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "तू कशाला मध्ये पडतेस? लग्नात असं चालायचंच. उद्या सगळे विसरतील."

कुणी विसरलं नाही. वहिनी आमच्या घरी आली, त्यानंतर कित्येक वर्षं ती अंथरूण घालायला लागली की आत्या विचारायची, "धुतलेली आहे ना गं, की माहेरची?" भाऊ तेव्हाही पेपर वाचत असायचा. वहिनीने एकदाच, भाजी निवडताना, मला सांगितलं की निळ्या काठाची चादर वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खास बाहेर काढली होती, कोरी. तिच्यावर चपलांचे ठसे होते. तिच्या आईने त्या सगळ्या चादरी पुन्हा धुतल्या, काहींचे डाग निघाले नाहीत, आणि त्या परत करायला ती स्वतः गेलीच नाही, नवऱ्याला पाठवलं. हे सांगून वहिनी भाजी घेऊन आत गेली.

त्या संध्याकाळी मुलीचे वडील जिना चढून वर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. कोट, धोतर, इस्त्रीची पांढरी टोपी. कार्यालयातून जवळजवळ धावतच आले असणार. पॅसेजमधला ढीग त्यांना पहिल्यांदा दिसला. ते त्याच्यासमोर थांबले. ओलांडून पुढे येणं त्यांना जमेना, म्हणून भिंतीला चिकटून, कडेकडेने भावाच्या खोलीत आले, तिथे सगळे जमले होते.

आत्याने सगळं पुन्हा ऐकवलं. लोकांच्या घरचं, उष्टं, वापरलेलं. आमच्यात असं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता ते सांगतील. मग कळलं की ते सांगू शकत नाहीत. लॉजच्या चादरी अंगाखाली घेण्यासारख्या नव्हत्या असं म्हटलं, की मग अशा लॉजवर आम्हाला उतरवलंत कशाला, हा प्रश्न तयार होता. त्या वेळी कार्यालयाजवळ एवढं वऱ्हाड मावेल अशी दुसरी जागा पनवेलमध्ये त्यांना कुठे मिळणार होती?

"चुकलं असेल आमचं," ते म्हणाले.

"असेल नाही," आत्या म्हणाली. "चुकलंच."

आत्याच्या यजमानांनी कप खाली ठेवला. "व्याही, उकडतंय ना? टोपी काढा की मग," ते म्हणाले.

उकाड्याबद्दल ते बोलत नव्हते, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. मुलीच्या बापाने टोपी काढून व्याह्याच्या पायांवर ठेवायची. मुलीचे वडीलही थोडंसं हसले, थट्टा समजल्यासारखं. मग त्यांचा हात वर गेला. त्यांनी टोपी काढली. कपाळावर टोपीच्या कडेची लाल रेघ उठली होती. ते बाबांच्या पायांकडे बघू लागले. बाबा बंद खिडकीकडे बघत होते. भावाने पेपर खाली ठेवला होता, पण उठला नव्हता.

करवली मी होते. माझ्या हातात ताट होतं, ते घेऊन सगळ्यांच्या पुढे मला जिना उतरायचा होता. त्या माणसांसमोर मी दिवसभरात हो आणि नाही याशिवाय काही बोलले नव्हते. मुलीचे वडील वाकायला लागले. माझा आवाज बारीक निघाला, पण निघाला.

"काका, टोपी घाला," मी म्हणाले. "आम्ही येतोय खाली."