आहेर परत मागणारे मामा

दिलेला आहेर परत मागणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. आहेराचा साधा नियम असा की देणाऱ्यानं दिला की विसरायचा आणि घेणाऱ्यानं घेतला की माळ्यावर टाकायचा. आमच्या हिचे हे मामा मात्र सकाळी गारखेड्यातल्या आपल्या दोन खोल्यांतून निघायचे, स्कूटरला कापडी पिशवी अडकवायचे आणि कुणाच्या तरी दारात उभे राहून विचारायचे, "पोरी, तुझ्या लग्नात म्या तवा दिलता, हाय का अजून?" पहिल्या वेळी लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असावं. दुसऱ्या वेळी खात्रीच पटली.

मामांची सगळी नोकरी शहराबाहेर चितेगावच्या एका कारखान्यात गेली. तिथं तव्यांवर ते काळं, गुळगुळीत, काही न चिकटणारं अस्तर चढवायचे. दिवाळीला कामगारांना मिठाईच्या जोडीनं थोडा डाग राहिलेले, बाजारात न जाणारे तवे मिळत. मामांनी ते नात्यातल्या झाडून सगळ्या लग्नांत आहेर म्हणून वाटले. नुसते वाटले असते तर गोष्ट वेगळी. ते मांडवातच आचाऱ्याकडून स्टोव्ह मागून घ्यायचे, तेलाचा थेंब न टाकता धपाटं लावायचे आणि तवा तिरपा करून व्याह्यांच्या नाकापुढं नाचवायचे. "बघा, कसं घसरतंय! जन्मभर टिकंल, जन्मभर!" माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना निम्मे वऱ्हाडी मुठीत अक्षता धरून त्या धपाट्याकडं बघत उभे होते. 'सावधान' झालं तरी अक्षता पडेनात, तेव्हा भटजींनीच मागं वळून मामांना स्टोव्ह बंद करायला लावला.

निवृत्तीनंतर एका रविवारच्या पुरवणीत मामांनी वाचलं की या कामात वापरलेली काही रसायनं मातीत, पाण्यात आणि माणसाच्या रक्तात जाऊन बसतात आणि काही केल्या नष्ट होत नाहीत. मूत्रपिंडाच्या, थायरॉईडच्या दुखण्यांशीही त्यांचा संबंध लावतात. मामा शब्दाचे पक्के. आपण टिकेल म्हणालो होतो ते इतकं टिकेल, याची मात्र त्यांना कल्पना नव्हती. पाणी न धरणाऱ्या कापडात, कागदातही तीच रसायनं असतात असंही त्या पुरवणीत होतं, त्यामुळं त्या दिवसापासून पाणी न धरणारी प्रत्येक वस्तू त्यांची वैरीण झाली. नवाकोरा रेनकोट त्यांनी काढून टाकला आणि आख्खा पावसाळा भिजत काढला. लग्नाच्या पंगतीत कागदी द्रोण आला की ते आधी बोटानं त्यात पाण्याचा थेंब सोडत. थेंब मोत्यासारखा उभा राहिला की मामा पानावरून उठले म्हणून समजा. एका बारशाला त्यांनी यजमानांच्या नव्या सोफ्यावर पेलाभर पाणी ओतून पाहिलं. पाणी घरंगळून थेट विहीणबाईंच्या पैठणीवर गेलं. "बघितलं? डाग धरीत नाय म्हंजे त्यात तेच हाय," मामा विजयी मुद्रेनं म्हणाले. पैठणीनं मात्र डाग चांगला धरला होता.

मग तवे परत आणायची मोहीम सुरू झाली. फुकट नाही हं. एका तव्याच्या बदल्यात एक बिडाचा तवा, जुन्या बाजारातून स्वतः पारखून आणलेला. तो इतका जड की एका भाचीनं उचलताना मनगट मुरगळून घेतलं आणि तिच्या सासूनं फोन करून विचारलं, "आयेर परत न्यायलेत, आता सोयरीक बी मोडायची का?" बिडाच्या तव्यावर पहिली चार धपाटी चिकटतात हे मामा सांगायचे विसरले होते, त्यामुळं नात्यातल्या बायकांनी त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. गोळा केलेले तवे भंगारात द्यावेत, तर भंगारवाला ते दुसऱ्याच्या घरी पोचवणार. जाळावेत तर धूर, पुरावेत तर माती. शेवटी मामांनी ते आपल्या खाटेखाली रचले. मी हसून म्हणालो, "मामा, एवढ्यावर खानावळ निघेल." ते हसले नाहीत.

राहिला होता एकच तवा, चितेगावातला. तो अस्तराचा फवारा मारणाऱ्या त्यांच्या जोडीदाराच्या, कारखान्यामागच्या नाल्याकाठच्या घरी होता. मामा त्यांना उस्ताद म्हणत. उस्ताद मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेले होते. कशानं झालं ते डॉक्टरांना सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी मामांनी मला सोबत घेतलं, एकट्यानं जायचा धीर होत नव्हता म्हणून.

उस्तादांच्या बायकोनं, मामांच्या भाभींनी, आल्या आल्या दारातल्या बोअरच्या पाण्याचे दोन पेले पुढं ठेवले. मामांनी पेल्याला हात लावला नाही. मीही लावला नाही. तव्याचं ऐकून भाभी आत गेल्या, तवा घासूनपुसून घेऊन आल्या आणि मामांच्या पिशवीत ठेवत म्हणाल्या, "तवा तो ले जारे भाईसाब, पर बोर का पानी? वो किधर ले जाते? मेरी पोती बी येच पीती."

मामांचा चेहरा उतरला. म्हणाले, "भाभी, अस्तराच्या रसायनाची टाकी धुयाचं काम माझंच होतं. सुट्टीच्या भोंग्याआधी रोज वाल उघडून समदं पाणी मागच्या नाल्यात मीच सोडायचो. म्या येडा तवेच गोळा करीत फिरलो." मामांनी पुढ्यातला पेला उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

त्यानंतर त्या पाण्याची बाटली घेऊन मामा कितीतरी कचेऱ्यांत फिरले. सगळ्यांनी आदरानं खुर्ची दिली आणि ही तपासणी आमच्याकडं होत नाही असं सांगितलं. आता ते दर रविवारी स्कूटरवर दोन कॅन बांधून चितेगावला पाणी नेतात. आमच्या शहरात आठवड्यानं नळ येतो. इथून पाणी बाहेरगावी नेणारा माणूस म्हणून गल्लीत त्यांची नव्यानं टिंगल सुरू झाली आहे. मीही पूर्वी असल्या टिंगलीत पहिला असायचो. आता दुसऱ्या स्कूटरवर आणखी दोन कॅन घेऊन मी त्यांच्या मागं असतो.

कॅनचं पाणी भाभींच्या नातीसाठी. तिथं पोचल्यावर मामा स्वतः मात्र बोअरचंच पाणी मागून घेतात. एकदा मी त्यांचा हात धरला, तर म्हणाले, "जावईबापू, उस्तादनं पेलं, ह्या लेकरानं पेलं. मी कोण लागून गेलो?" या माणसाला इतकी वर्षं वेडा म्हणून मी पोट धरधरून हसलो, त्याची मला लाज वाटते. भाभी दर वेळी माझ्यापुढंही बोअरच्या पाण्याचा पेला ठेवतात, आणि तो अजून मी उचललेला नाही.