टोक तुटलेला चाकू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्या दादाला तर नाहीच — तो पलीकडच्याच गल्लीत राहतो.

दादा माझा थोरला भाऊ. एका कचेरीत आयुष्यभर नकाशे काढले. पट्टीशिवाय सरळ रेघ ओढायचा, असा हात. हातानं घडवलेल्या चाकूंचं त्याला लई वेड. निवृत्तीनंतर उजव्या हाताला जरासा कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं, काळजी नको. त्यानं ते मानलंही होतं.

त्या हिवाळ्यात संभाजीनगरात संग्राहकांचं प्रदर्शन भरलं. नाणी, जुनी घड्याळं, आणि एका कोपऱ्यात चाकू. मला काय कळतं त्यातलं? दादाला सोबत म्हणून गेले. तिथं पडेगावचे रफिकभाई होते, स्वतः चाकू घडवणारे. त्यांच्या टेबलावरचा एक दादानं लगेच हेरला — शिंगाची मूठ, लांब निमुळतं पातं. मग दोघं शेजारच्या टेबलाशी पोलादाच्या गप्पांत रमले. मी सहज तो चाकू उचलला. आणि — निसटला. टोकावरच पडला, फरशीवर. गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही. टोकाचा कणीएवढा तुकडा उडाला होता.

मी काय केलं? चाकू शेजारी पडलेल्या म्यानात घातला, होता तिथं ठेवला, आणि घड्याळं बघायला सरकले.

भीती वाटली का? नाही. त्या जाणत्या लोकांत मी वेंधळी दिसले असते — एवढंच.

परत आले तेव्हा दादा तोच चाकू म्यानातून काढत होता. म्यान घट्ट. हात थरथरला, आणि चाकू टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटला. रफिकभाईंनी उचलून टोक पाहिलं.

"जाने दो साहेब," ते म्हणाले, "मी घासून ठीक करतो."

"नाही," दादा म्हणाला. "माझ्या हातानं झालंय. मीच घेणार."

मी त्याच्या शेजारी उभी होते. एक वाक्य पुरलं असतं — नाही बोलले.

रिक्षात तो उजवा हात खिशात घालून बसला. पुढं दाढीला न्हावी घरी यायला लागला. चहा तो अर्धाच कप मागायचा. सगळे चाकू त्यानं ओळखीच्यांना वाटून टाकले, फक्त तो एक सोडून. कंप वाढला नव्हता हो — डॉक्टरही तेच सांगत होते. पण दादाचं एकच, हातानं दगा दिला. कितीदा मी सांगायचं ठरवून त्याच्याकडं गेले असेन? वहिनीच्या हातचा चहा पिऊन परत आले.

गेल्या रविवारी त्याच्याकडं कलिंगड आणलं होतं. नातीनं सुरी आजोबांच्या हातात दिली. त्यानं ती माझ्यापुढं सरकवली.

"सुमे, तूच काप. तुझा हात पक्का आहे."

मी कापलं. सगळ्यांना फोडी दिल्या. त्यालाही दिली.