कुणाची झुडपं खरंच लाल होतात

२००२ साली आम्ही अमेरिकेत अल्फारेटाला घर घेतलं, तेव्हा पुढच्या अंगणात बिल्डरने लावलेलं एकच काठीसारखं झाड होतं. मला फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, रंगणारं काहीतरी तिथे हवं होतं. ऑगस्टमध्ये नर्सरीत गेलो. रोपं सगळी हिरवी, आणि प्रत्येक कुंडीला लालभडक पानांचं चित्र अडकवलेलं. कुठल्याही रोपाकडे बोट दाखवलं की विक्रेता म्हणे, "हो, होतं ना लाल." माझा विश्वास बसेना. नवऱ्याला म्हटलं, "आपण थांबू. आपल्याच भागात कुणाचं खरंच लाल होतं ते बघू, आणि तेच घेऊ."

ऑक्टोबरच्या शेवटी एका शनिवारी सकाळी कॅमेरा घेऊन निघालो. पलीकडच्या रस्त्यावर एका घरापुढे जांभळट लाल पानांची भरगच्च झुडपं होती. मी फुटपाथवरूनच वाकून फोटो काढले.

"चल आता," नवरा म्हणाला. "खिडकीतला पडदा हलला."

वळणावर पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली. पोलिस तरुण होता, बोलायला मऊ. दोन माणसं घरांचे फोटो काढत फिरतायत, असा कुणीतरी फोन केला होता. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांपासून आमच्यासारख्या चेहऱ्यांकडे लोक जरा निरखूनच बघत. नवऱ्याचा चेहरा उतरला. पोलिसाला विचारूनच त्याने खिशात हात घातला आणि लायसन्स काढलं. मी कॅमेऱ्यातले फोटो दाखवत गेले. सगळी पानंच.

तेवढ्यात त्या घरातली पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली. काय झालं ते ऐकून हसली. "ओकलीफ हायड्रेंजा आहे ते. सकाळचं ऊन येईल तिथे लावा." पोलिस निघून गेला.

घरी येताना नवरा म्हणाला, "तिनेच फोन केला असणार."

"मग झुडपाचं नाव कशाला सांगेल?"

"म्हणूनच सांगितलं."

आम्ही तेच आणून लावलं. दुसऱ्या फॉलमध्ये पानं चांगली रंगली. ती बाई फिरायला जाताना थांबून कौतुक करायची. एकदा मी तिला चहाला बोलावलं. चिवडा आवडीने खाल्ला तिने. नवरा काय काम करतो, भारतात कधी जाता, असं काहीबाही विचारत बसली. शेजारीण विचारते तेच प्रश्न. पण प्रत्येक उत्तर देताना मला वाटे, ही हे कुणासाठी विचारतेय? आणि ती गेल्यावर स्वतःचाच राग येई.

२००७ मध्ये ती लेकीकडे राहायला गेली. निरोप घ्यायला दारात आली तेव्हा, तो फोन तिनेच केला होता का, हे एकदाचं विचारून टाकायचं असं मी ठरवलं होतं. बाहेर लेकीची गाडी चालूच होती. मी फक्त कॉफी विचारली. ती नको म्हणाली, माझा हात दाबला आणि पायऱ्या उतरून गेली.