कात्रीनं कापलेला बेंदूर

आमच्या गावाला आता प्रभाग म्हणतात. गावाचं नाव विचारलं तर नव्या कॉलनीतली पोरं आकडा सांगतात. माझं माहेर वरच्या आळीला, सासर खालच्या आळीला, म्हणजे सगळा जन्म याच गावात गेला, आणि आता मी एका आकड्यात राहते! शहराचं नाव मी घेणार नाही. सांगलीहून तासगावला जा, नाहीतर मिरजेकडं, वाटेत कुठंतरी आम्ही आहोत एवढं पुरे.

मी एसटीत कंडक्टर होते. आमच्या गावापासून शहरापर्यंत वेगळा टप्पा होता, वेगळं तिकीट होतं. मधे ऊस, एक ओढा आणि बाभळी. माणसं "शहराला जाऊन येतो" असं घरात सांगून निघायची, येताना पिशवीतून पाव-बटर आणायची. गावची पंचायत चावडीत बसायची आणि तिथली भांडणं रस्त्यापर्यंत ऐकू यायची. दर दोन घरांआड एक फौजी. सुट्टीवर आलेला फौजी पहिल्यांदा वेशीत ट्रंक खाली ठेवायचा, पाया पडायचा, मग घरी जायचा. फार मोठं गाव होतं असं मी म्हणत नाही. पण आमचं होतं.

मग हद्द वाढली आणि आम्ही शहरात आलो. म्हणजे आम्ही जागचे हललो नाही, शहरच येऊन बसलं. त्या दिवशी आमच्याच लोकांनी हलगी वाजवली, पेढे वाटले. नळाला दिवसभर पाणी येणार म्हणून बायकांनी शहरातून आलेल्या पाहुण्यांना ओवाळलं. मीही ताट घेऊन उभी होते, खोटं कशाला बोलू? पाणी अजून एक दिवसाआड येतं. चावडीत शहराच्या कचेरीची टेबलं आली, वेशीची कमान रस्ता रुंद करायला पाडली. दोन दगडी खांब तेवढे राहिले, कारण ते जेसीबीला दाद देईनात.

एवढं होऊनही बेंदूर, आमचा बैलांचा सण, राहिला होता. आषाढात बेंदराला वेशीच्या दोन खांबांना वाखाची दोरी बांधतात, तिला आंब्याची आणि पिंपळाची पानं लावतात. हिला कर म्हणतात. मानाचा बैल धावत येतो, कर कपाळावर घेतो आणि तोडून पलीकडं जातो. कर तुटली की सगळे ओरडतात, आणि मग बेंदूर झाला असं धरतात. मानाचा बैल आमच्या तात्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा. म्हसवडच्या बाजारातून आणलेला खिलार. जोडीतला एक गेला, हा उरला. अख्ख्या गावात आता कर तोडणारा तेवढाच.

गेल्या बेंदराच्या आधी शहराची दोन माणसं तात्यांच्या दारात आली. वस्तीत गोठा चालणार नाही, नव्या बंगल्यांतून वासाची तक्रार आहे, बैल हलवा. गोठा तात्यांच्या आज्यानं बांधलेला, बंगले परवाचे, आणि वास कुणाचा? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तात्या मात्र शांत. म्हणाले, "आवं सायेब, बेंदूर हुंदे. बेंदूर झाला की लेकीकडं धाडतो तासगावला. शेवटची कर तोडू दे त्याला." माणसं बरं म्हणून गेली.

तात्यांनी जसं काही लेकीचं लग्न काढलं. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तेलानं मळले. सकाळी अंघोळ, शिंगांना लाल रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. पुरणपोळी म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं भरवली. बैलाला सगळं कळत होतं. खूर आपटून तो घाई करत होता.

वेशीत पोहोचलो तर मांडव, खुर्च्या, माइक. आमच्या पोरांनी शहरातल्या एका मोठ्या साहेबांना बोलावलं होतं. माझ्या भाच्याच्या हातात ताट, ताटात हळद, कुंकू, नारळ आणि कात्री.

"आरं, ही काय दुकानाची फीत हाय का रं?"

"आत्या, सायेब पैल्यांदाच आल्यात. मान द्याय नको व्हय?"

हा आमचा रोगच आहे. पाहुणा आला की मान द्यायचा, आणि द्यायला दुसरं काही उरलं नसेल तर बैलाचा काढून द्यायचा. मी पुढं घुसले. तोवर माइकवरून टाळ्या मागितल्या गेल्या आणि साहेबांनी हसत हसत कर कापली. त्या बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं. आमच्या लोकांना तर ठाऊक होतं ना! त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

बैल धावत आला आणि खांबांपाशी थांबला. दरवर्षी जिथं कपाळाला दोरी लागायची तिथं काहीच नव्हतं. त्यानं मान खाली घातली, हुंगलं, आणि उभा राहिला. मागं गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. कुणी शेपटी पिरगाळायला निघालं तर तात्या एवढ्या जोरात ओरडले की माइक फिका पडला. मग त्यांनी कासरा वळवला आणि वेस न ओलांडता बैलाला घरी आणलं. त्या दिवशी तात्यांनी पोळीला हात लावला नाही.

थोड्या दिवसांनी तीच दोन माणसं आली. "आजोबा, बेंदूर झाला की पाठवतो म्हणाला होतात."

"व्हय, म्हणालो हुतो की. पर बेंदूर झाला कुठं? कर तुटली न्हाई, कापली. बेंदूर झाल्याबिगर मानाचा बैल गावाभाईर जात न्हाई."

"मग कधी होणार?"

"ते तुमच्या सायबाला इचारा. त्येनीच आडवलाय."

ती माघारी वळली. मी दारातच उभी होते, म्हटलं, चहा घेऊन जा. घेतला नाही. तेव्हापासून तीन-चारदा येऊन गेलीत आणि प्रत्येक वेळी तेच ऐकून गेलीत.

येत्या बेंदराची कर तात्या स्वतः वळताहेत. ती मी बांधणार, आणि बैल येईपर्यंत खांबाजवळून हलणार नाही. ताट घेऊन कोण येतं ते बघतेच. पण बैल थकलाय. बसला की उठायला वेळ लावतो. म्हणून रोज सकाळी स्वतःच्या घरचा चहा व्हायच्या आधी मी गोठ्यात जाते, त्याला पेंड घालते, आणि तो पायांवर उभा राहीपर्यंत तिथून हलत नाही.