विहिरीचे तीन फोटो

सत्य तीन प्रकारचं असतं: काळपट, मध्यम आणि पांढुरकं. हे ज्ञान मला कुठल्या मठात झालं नाही. गुलमंडीतल्या एका दुकानातून घेतलेल्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचं एक बटण चुकून दाबलं गेलं, म्हणून झालं.

त्या दिवसापासून कॅमेरा एका दाबात तीन फोटो काढू लागला. खट, खट, खट. एक नीट, एक अंधारलेला, एक उन्हानं धुऊन निघालेला. मला वाटलं, बिघडला. पण कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारा माणूस माहितीपुस्तिकासुद्धा शेवटपर्यंत वाचतो. तिच्यात या सोयीला ब्रॅकेटिंग म्हटलं होतं. उजेड किती घ्यायचा याची खात्री नसली, की कॅमेरा आपल्या अंदाजाच्या दोन्ही बाजूंना एकेक फोटो काढून ठेवतो. पडद्यावर एक पट्टी दिसते. मध्ये शून्य, डावीकडं उणे, उजवीकडं अधिक, आणि वर तीन खुणा. चाक फिरवलं की खुणा एकमेकींपासून लांब सरकतात. स्वतःच्या अंदाजाबद्दल इतकी उघड शंका बाळगणारं मी तोवर काहीच पाहिलं नव्हतं. माणूस तर नाहीच.

पुंडलिकनगरच्या आमच्या घरात मग दिसेल ते मी तीनदा टिपलं. गच्चीवरची टाकी, समोरची अर्धवट इमारत, बायको.

"अहो, यातली तुमची बायको कोणती?" तिनं विचारलं.

"मधली."

"मग ही गोरी ठेवा. बाकीच्या दोघींना पुसून टाका."

दोन वर्षं पाऊस नावापुरता झाला होता. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि त्याच गल्लीत तीन नव्या इमारती चढत होत्या. आम्हाला दूध घालणारे मामा दौलताबादच्या पलीकडच्या एका वस्तीवरून मोटारसायकलीवर येत. त्यांच्या घरी पूर्वी मेंढ्या होत्या. शहर वाढत तिकडं गेलं, चराईच्या माळावर प्लॉटचे दगड रोवले गेले, तेव्हा त्यांनी मेंढ्या विकून म्हशी घेतल्या. आता म्हशी विकायची वेळ आली होती, आणि त्यानंतर काय घ्यायचं हे त्यांना सुचत नव्हतं.

"सर, तुमचा मोठा कॅमेरा घेऊन वस्तीवर येता का?" एका सकाळी ते म्हणाले. "उद्या तहसिलीतले साहेब हिरीची पाहणी करायला येनार हायत. टँकरच्या कागदाला हिरीचा फोटू लागतो. ग्रामसेवकानं मोबाइलवर काढला, तर नुसतं काळं दिसतंय. टँकर नाय आला तर चारी म्हशी बाजारात न्याव्या लागतेत."

अंधाऱ्या विहिरीवर भर दुपारचं ऊन, म्हणजे ब्रॅकेटिंगसाठी याहून चांगली जागा नव्हती. मामांची नड आणि माझं कुतूहल यांतलं मला जास्त कशानं नेलं, हे आता सांगणं अवघड आहे.

वस्तीच्या वाटेवर एका कोरड्या तलावाशेजारी 'लेक व्ह्यू' अशी पाटी होती. पुढं विहीर. चांगली ऐसपैस, दगडी, आणि तळाशी ठणठणीत. मी पलीकडच्या मुरमाच्या ढिगाऱ्यावर चढलो. साहेब आले, गाडीतून उतरले, चष्मा काढून खिशात ठेवला, काठावर उभे राहिले आणि विहिरीकडं बोट दाखवून माझ्याकडं बघू लागले. विहिरीत त्यांनी पाहिलंच नाही. ऊन फार होतं. खट, खट, खट. साहेब गाडीत बसले. पाहणी झाली.

पडद्यावर पाहिलं तर तिन्ही फोटोंत तीन विहिरी होत्या. मधल्या फोटोत तळ अर्धवट कळत होता. पांढुरक्या फोटोत साहेबांच्या तोंडाला चुना फासल्यासारखं झालं होतं, पण तळाचा दगडन् दगड दिसत होता. आणि काळपट फोटोत आभाळ निळंशार, साहेब रुबाबदार, आणि खाली काळंभोर, गार वाटणारं, काठोकाठ नव्हे पण निम्म्या विहिरीपर्यंत पाणी. वास्तविक तो अंधार होता. मला ते इतकं गमतीचं वाटलं, की तिन्ही फोटो पेन ड्राइव्हवर घालून मी तसेच साहेबांच्या कार्यालयात देऊन आलो. कुठला कशासाठी, हे लिहायचं मला सुचलं नाही.

आठ दिवसांनी मामा दारात उभे. हातात दुधाची किटली नव्हती, कागद होता.

"सर, तुमच्या कॅमेऱ्यानं आमच्या हिरीत पानी पाडलं."

कागदावर शेरा होता: 'सोबतच्या छायाचित्रात विहिरीत पाणी दिसते. सबब टँकर अमान्य.' सोबतचं छायाचित्र कुठलं, हे सांगायला नको.

तिन्ही फोटो छापून घेतले आणि मामांबरोबर साहेबांकडं गेलो. त्यांनी ते टेबलावर ओळीनं मांडले.

"यातला खरा कोणता?"

"तिन्ही. एकाच दाबातले आहेत."

"तिन्ही कसे खरे असतील? एक खरा असला म्हणजे दोन खोटे."

मी त्यांना शून्य, उणे, अधिक समजावू लागलो. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. तेवढ्यात मामा पुढं झाले आणि पांढुरक्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, ही दगडात निळी चप्पल दिसती का? माझी हाय. गाळ काढताना पडली. रबराची हाय. पानी असतं तर वर तरंगली असती, दगडात कशाला बसली असती?"

साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. चप्पल होती. बराच वेळ ते तिच्याकडं पाहत राहिले; विहिरीपेक्षा तरी नक्कीच जास्त वेळ.

"पण या फोटोत मी कुठंय? हे वर जाणार आहे. अधिकारी ओळखू यायला हवा."

शेवटी तोडगा निघाला. काळपट फोटो 'पाहणी करताना अधिकारी' म्हणून, पांढुरका 'विहीर' म्हणून. मधला मला परत मिळाला.

टँकर पाचव्या दिवशी आला. मामांनी फोनवर सांगितलं, "आला बघा, सर. म्हशींनी आवाजावरनंच ओळखलं." वस्तीवर टाकी नसल्यामुळं टँकरचं पाणी विहिरीतच ओततात आणि लोक ते पोहऱ्यानं शेंदून घेतात.

पुढच्या महिन्यात दुसरे साहेब पाहणीला आले. हे मात्र कर्तव्यदक्ष निघाले. काठावर ओणवे होऊन त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी आत पाहिलं. टँकर तासाभरापूर्वीच रिकामा झाला होता. विहिरीत पाणी असल्याची नोंद करून त्यांनी टँकर बंद केला.